कॅमेऱ्याचे आयुर्मान

कॅमेरा समाधानकारक रीत्या चित्रे घेऊ शकतो तो काळ म्हणजे त्याचे आयुर्मान होय. ते केवळ वर्षांत मोजता येत नाही. घेतलेल्या चित्रांची संख्या, सुटे भाग व पूरक साहित्य यांची उपलब्धता यांवर ते अवलंबून असते.

झडप : चित्रागणिक उघडमीट होणारी यांत्रिक झडप झिजते. कॅनन ईओएस ५डी (२००५) हिची झडप १ लाख, तर ईओएस-१डी एक्स (२०१२) हिची ४ लाख उघडमिटींसाठी योजलेली होती. या संख्या अंदाजी असून प्रत्यक्षात झडप आधी वा नंतरही निकामी होते. ३६ चित्रांचे एक रीळ दर आठवड्यास वापरल्यास १ लाख चित्रांना सु. ५३ वर्षे लागतील. डिजिटल कॅमेऱ्याने आठवड्यास ५०० चित्रे घेतल्यास तीच मर्यादा चार वर्षांच्या आत गाठली जाते. फिल्म कॅमेरा अधिक टिकतो असे वाटण्याचे हे एक कारण आहे.

फिल्म कॅमेरे : लायका एम३ (१९५४), निकॉन एफ (१९५९) यांसारख्या यांत्रिक कॅमेऱ्यांची झडप विद्युत् घटाविना चालते. घट्ट झालेले वंगण, विरलेले पडदे इ. दोष कुशल कारागीर दूर करू शकतो. तथापि कॅमेरा धडधाकट असूनही फिल्म न मिळाल्यास तो निरुपयोगी ठरतो. कोडाक्रोम या रंगीत फिल्मचे १९३५ पासून चालत आलेले उत्पादन २००९ मध्ये थांबले. जुन्या प्रकाशमापकांना लागणारे १·३५ व्होल्टचे पाऱ्याचे घटही पर्यावरणीय निर्बंधांमुळे दुर्मिळ झाले.

डिजिटल कॅमेरे : यांतील संवेदक व इलेक्ट्रॉनीय मंडले कारागिराला घडविता येत नाहीत, उत्पादकाने सुटे भाग देणे थांबविले की दुरुस्ती अवघड होते. लिथियम-आयन घटमाला वापराने व काळाने क्षीण होते. स्मार्टमीडिया व एक्सडी ही स्मृतिपत्रे आता तयार होत नाहीत. निकॉन झेड ९ (२०२१) या कॅमेऱ्यात यांत्रिक झडपच नाही. त्यामुळे तिची झीज टळली, मात्र इलेक्ट्रॉनीय भागांवरील अवलंबन कायम राहिले.

निगा : दमट हवेत दोन्ही प्रकारच्या कॅमेऱ्यांच्या भिंगांवर बुरशी वाढते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवणे हितावह असते. जुना कॅमेरा विकत घेताना त्याच्या वयापेक्षा झडपेचा वापर, भिंगांची स्थिती आणि फिल्म वा घटमाला मिळण्याची शक्यता यांचा विचार अधिक महत्त्वाचा ठरतो.