रंगदेवतेची तसबीर

नाट्यकला माणसाच्या रूपात समोर उभी राहिली तर कशी दिसेल? युरोपातल्या मुद्रकांना या प्रश्नावर फार डोके खाजवावे लागले नाही. ग्रीक पुराणातल्या दोघी बहिणी त्यांच्या हाताशी होत्या. शोकनाट्याची मेल्पोमेनी, हातात रडका मुखवटा आणि खंजीर. विनोदी नाटकाची थालिया, हातात हसरा मुखवटा आणि मेंढपाळाची काठी. 1593 मध्ये चेझारे रिपा या इटालियन लेखकाने 'इकोनोलोजिया' नावाचा ग्रंथच काढला. सत्य, न्याय, कला, दारिद्र्य अशा अमूर्त गोष्टी बाईच्या रूपात दाखवायच्या तर तिच्या हातात काय द्यायचे, अंगावर काय घालायचे, याची ती सूचीच होती. पुढे शतकभराहून अधिक काळ चित्रकार आणि खोदकाम करणारे कारागीर ती उघडूनच कामाला बसत. नाट्यकलेची रूपकचित्रे या परंपरेतून ढिगाने छापली गेली. त्यांतला हसऱ्या-रडक्या मुखवट्यांचा जोड आपल्याकडच्या एकांकिका स्पर्धांच्या पत्रिकांवर आजही ठाण मांडून बसला आहे.

मराठी रंगभूमीची देवता मात्र वेगळी. तिची रंगीत तसबीर ज्या छापखान्यात निघाली, तो पिंपरी-चिंचवडहून लोकलने गाठता येईल इतक्या जवळ, मळवलीला होता.

मोरावर बसून आलेली

भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याची उत्पत्ती सांगितली आहे. ब्रह्मदेवाने ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय आणि अथर्ववेदातून रस घेऊन पाचवा वेद निर्माण केला. त्याच ग्रंथात प्रत्येक रसाला रंग आणि देवता नेमून दिली आहे. शृंगार श्याम, हास्य पांढरा, रौद्र तांबडा, अद्भुत पिवळा. म्हणजे रूपकाची सामग्री आपल्याकडेही भरपूर होती. पण ती कागदावर येण्याआधी प्रत्यक्ष रंगमंचावर नाचली.

5 नोव्हेंबर 1843 रोजी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून या नाटकांचा एक ठरलेला रिवाज झाला. सूत्रधार मंगलाचरण म्हणे, विदूषक उड्या मारत येई, मग गणपती आणि त्यानंतर मोरावर बसलेली सरस्वती. हा मोर म्हणजे कमरेला बांधलेला सांगाडा. सोंग घेतलेला मुलगा आपल्याच पायांनी नाचे आणि बघणाऱ्याला वाटे की मोरच थुईथुई नाचतो आहे. कोकणातल्या दशावतारात गणपती, सरस्वती आणि मग संकासुर हा क्रम आजही पाहायला मिळतो. विद्येची, वाणीची आणि संगीताची देवता नाटकाच्या आधी येऊन खेळाला आशीर्वाद देते. नाट्यकलेचे याहून बोलके रूपक दुसरे कुठले?

31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले आणि मराठी नाटकाने कूस बदलली. किर्लोस्करांनी संस्कृत नाटकासारखी नांदी घेतली, सूत्रधार आणि नटी आणली. मातब्बर संगीत मंडळ्यांच्या नाटकांतून नाचणारी सरस्वती हळूहळू निघून गेली. ती पुन्हा लोकांसमोर आली ती भिंतीवर, काचेच्या चौकटीत.

शकुंतलेपासून सुरुवात

राजा रविवर्मा (1848-1906) हा केरळातल्या किळिमानूरचा. तैलरंगांत पुराणातली पात्रे रंगवणारा हा चित्रकार बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांपासून अनेक संस्थानिकांचा लाडका होता. पण एकेका राजवाड्यात एकेक चित्र लावून मागणी कशी पुरी होणार? बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी त्याला सुचवले की, चित्रांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात. त्यातून 1894 मध्ये मुंबईत छापखाना उभा राहिला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन. त्यांतला फ्रिट्झ श्लायखर पुढे या छापखान्याचा मालकच झाला.

या छापखान्यातून निघालेले पहिले चित्र कोणते? 'शकुंतला जन्म'. मराठी संगीत नाटकाची सुरुवात ज्या कथेने झाली, त्याच कथेने या छापखान्याचीही झाली. चित्र जरा जवळून पाहा. मेनका तान्ही पोर पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून, हात उंचावून नको म्हणतो आहे. दोन पात्रे, दोन ठळक हावभाव, मागे रानाचा देखावा. शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही कळावे अशी ही मांडणी आहे. रविवर्म्याच्या चित्रांत रंगमंच दिसतो असे जाणकार म्हणतात, ते उगाच नव्हे. मुंबईतल्या वास्तव्यात त्याने आणि त्याचा धाकटा भाऊ सी. राजराजवर्मा याने तिथली नाटकेही पाहिली होती.

'सरस्वती' हे या छापखान्याच्या सर्वांत खपलेल्या चित्रांपैकी एक. खडकावर बसलेली देवी, सोनेरी काठाची पांढरी साडी, चार हातांपैकी दोन वीणेवर, एकात माळ, एकात पोथी. पाण्यात कमळे आणि बाजूला मोर. भाव्यांच्या खेळात मोर तिच्या कमरेला बांधलेला होता, इथे तो नुसता शेजारी उभा आहे. पण वाणी, संगीत, विद्या आणि नृत्याची आठवण करून देणारा तो पक्षी, हे सगळे एकाच चौकटीत आले. युरोपातल्या मुद्रकाला दोन बहिणी आणि दोन मुखवटे लागले. इथे एका देवीत काम भागले.

प्लेगने आणलेला कारखाना

1896 मध्ये मुंबईत प्लेग शिरला. माणसे गावोगाव पळाली आणि छापखान्यात कामाला माणूस मिळेना. शेवटी 1899 मध्ये छापखाना मळवलीला हलला. रेल्वेचे स्टेशन जवळ, मुंबईला माल धाडायची सोय आणि घाटमाथ्याची स्वच्छ हवा. जुन्या तसबिरींच्या खाली बारीक इंग्रजी अक्षरांत 'रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा' असे, मळवलीच्या शेजारगावांच्या नावाने, छापलेले असते ते यामुळे.

पिंपरी-चिंचवडचा औद्योगिक इतिहास सांगायला बसलो की आपण हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून, म्हणजे 1954 पासून सुरू करतो. मग एमआयडीसी, टेल्को, बजाज, आणि पुढे चाकण. 1995 मध्ये मर्सिडीज मोटार पिंपरीत जोडली जाऊ लागली, 2009 मध्ये फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना सुरू झाला, तेव्हा या पट्ट्यात जर्मन तंत्र आले म्हणून कौतुक झाले. पण त्याच्या जवळजवळ शतकभर आधी, याच रेल्वेमार्गावर, मावळातल्या एका खेड्यात जर्मन यंत्र, जर्मन तंत्रज्ञ आणि देशी कामगार असा कारखाना चालू होता. तिथे मोटारी निघत नव्हत्या, देव निघत होते.

हे देव छापायचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. आलोइस झेनेफेल्डरने 1796 च्या सुमारास ते बव्हेरियात शोधले. आपल्याकडे त्याला शिळाछाप म्हणत. झोल्नहोफेनच्या खाणीतली गुळगुळीत चुनखडीची जाड शिळा घ्यायची, तिच्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे, तेही उलटे. मग डिंक आणि सौम्य आम्लाचा लेप द्यायचा. शिळा ओली केली की कोरी जागा पाणी धरते आणि तेलकट रेघ पाणी झिडकारते. वरून शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त रेघेवर चिकटते. वर कागद ठेवून दाबला की छाप उठते.

रंगीत चित्राला प्रत्येक रंगाची वेगळी शिळा. गालावरच्या लालीला एक, साडीच्या काठाला एक, मोराच्या निळ्याला एक. दहा-बारा किंवा त्याहून अधिक शिळांवरून एकच कागद पुन्हापुन्हा जायचा. प्रत्येक खेपेला जुळणीच्या खुणा तंतोतंत बसायला हव्यात. केसभर सरकला तर ओठांचा रंग हनुवटीवर. चेहऱ्याच्या छटा कारागीर हाताने ठिपके मारून काढत. शेवटी काही चित्रांवर रोगणाचा हात देत आणि कॅनव्हासचा पोत दाबून उठवत, म्हणजे तैलचित्राचा भास होई. घरी नेल्यावर हौशी बायका त्या देवीला खऱ्या कापडाची साडी, टिकल्या आणि जर चिकटवत. नाटकवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर छापखाना पात्र देई आणि वेशभूषा घरच्या घरी होई.

पडदा, तसबीर आणि पुन्हा पडदा

मळवलीच्या शेजारी लोणावळ्यात 1908 मध्ये आणखी एका माणसाने छपाईचा धंदा मांडला: धुंडिराज गोविंद फाळके. त्याने रविवर्मा प्रेससाठी फोटोलिथोचे काम केले होते. त्याआधी बडोद्याला असताना नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले होते, नाटकात लहानसहान कामेही केली होती. नाटकाचा पडदा, मग शिळेवरचे देव, आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र'. भारतीय सिनेमाचा जनक मावळातल्या छापखान्यांच्या शाईत हात काळे करूनच पुढे गेला.

तसबिरींची छाप रंगमंचावरही उमटली. संगीत नाटकांच्या वैभवकाळात पडदे रंगवणाऱ्यांची स्वतंत्र ख्याती होती. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर, ललितकलादर्श नाटक मंडळीचे पु. श्री. काळे ही त्यांतली मोठी नावे. पडद्यावरची वने, राजवाडे, तळी आणि तसबिरींतली वने, राजवाडे, तळी एकाच डोळ्याने पाहिलेली वाटतात. बालगंधर्वांचे स्त्रीसौंदर्य पाहून प्रेक्षकांना रविवर्म्याच्या नायिका आठवत. नाटकातून चित्रात आणि चित्रातून नाटकात अशी ही ये-जा होती. माझ्या मते मराठी माणसाची देवादिकांकडे पाहण्याची नजर या ये-जेतूनच घडली.

इथे पुण्याच्या चित्रशाळेचाही उल्लेख हवा. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी 1878 मध्ये, म्हणजे रविवर्मा प्रेसच्या सोळा वर्षे आधी, तो छापखाना काढला. देवादिकांबरोबर मराठेशाहीतल्या पुरुषांची चित्रे छापणे हे त्यांच्या दृष्टीने देशकार्य होते. शिळाछापाची बाजारपेठ पुणे आणि मावळ मिळून उभी राहिली, असे म्हणायला हरकत नाही.

श्लायखरने पुढे देवांबरोबर व्यापारी लेबले आणि जाहिरातींची छपाईही सुरू केली. त्याच्यामागे त्याच्या वारसांनी धंदा चालवला. ऑफसेट आले, शिळा मागे पडल्या. 1972 मध्ये लागलेल्या आगीत छापखाना गेला आणि त्याबरोबर बरेच जुने साहित्यही.

नटराज आला तो नंतर

आज नाटकाचा प्रयोग किंवा स्पर्धा नटराजपूजनाने सुरू होते. नटराजाची चोळकालीन कांस्यमूर्ती जगभर कलेचे प्रतीक झाली त्यात आनंद कुमारस्वामींच्या 1918 च्या 'द डान्स ऑफ शिव' या पुस्तकाचा मोठा वाटा आहे. म्हणजे मराठी रंगभूमीच्या हिशोबात नटराज तसा नंतरचा. त्याच्या आधी इथे मोरवाली सरस्वती होती. आणि मळवलीपासून पायी जाण्याच्या अंतरावर, भाज्याच्या दोन हजार वर्षांहून जुन्या विहारात तालवाद्य वाजवणारी एक आणि नाचणारी एक अशा दोघी स्त्रिया दगडात कोरलेल्या आहेत. या खोऱ्याला कलावंत मूर्त करण्याची सवय जुनीच.

पिंपरी-चिंचवड नाटकाच्या बाबतीत मागे नाही. चिंचवडचे रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, पिंपरीचे आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीचे अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीचे निळू फुले नाट्यगृह, प्राधिकरणातले ग. दि. माडगूळकर नाट्यगृह, पालिकेची इतकी नाट्यगृहे फार थोड्या शहरांत आहेत. पाळी संपवून तालमीला येणाऱ्या कामगारांनी कामगार नाट्य स्पर्धा गाजवल्या आहेत. जानेवारी 2024 मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन जब्बार पटेलांच्या अध्यक्षतेखाली याच शहरात भरले. यांपैकी एखाद्या नाट्यगृहाच्या दालनात रविवर्मा प्रेसची 'सरस्वती' आणि 'शकुंतला जन्म' चौकटीत लागली, खाली चार ओळींची माहिती आली, तर शेजारच्या मळवलीची आठवण इथल्या लोकांना होईल. खर्च फारसा नाही, इच्छा हवी.

दिवाळीच्या सफाईत एवढे करा

रविवर्म्याची मूळ तैलचित्रे राष्ट्रीय कलासंपदा म्हणून 1979 पासून संरक्षित आहेत, ती देशाबाहेर नेता येत नाहीत. छापील तसबिरींना असे कोणी वाली नाही. त्या आपल्या माळ्यावर, आजीच्या ट्रंकेत, गावच्या देवघरात आहेत आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे जातात.

तेव्हा फेकण्याआधी तळाची ओळ वाचा. मग भिंग घेऊन चेहरा पाहा. ऑफसेटच्या छपाईत ठिपके एकसारख्या रांगांत, फुलांच्या नक्षीसारखे दिसतात. शिळाछापात ते हाताने मारलेले, वेडेवाकडे, दाट-विरळ असतात. तसे दिसले तर ती तसबीर घरात ठेवा. मागची लाकडी फळी काढून आम्लविरहित पुठ्ठा लावून घ्या, कारण लाकडातले आम्ल कागद पिवळा आणि ठिसूळ करते. काच चित्राला चिकटू देऊ नका, मध्ये माउंटची फट ठेवा. उन्हाच्या आणि ओल आलेल्या भिंतीवर टांगू नका. मावळातल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. फाटले असेल तर सेलोटेप लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. चिकटवलेली जर आणि टिकल्या जुनाट दिसतात म्हणून उपटूही नका, त्या त्या चित्राच्या इतिहासाचाच भाग आहेत. आणि ती तसबीर घरात कोणी, कधी आणली हे वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा. विचारायला ती माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे.