स्टेंट सरसकट की गरजेपुरता?

थोडं चाललं की पोटरी किंवा मांडी भरून येते, जरा थांबलं की बरं वाटतं, पुन्हा चालू लागलं की तेच. हे दुखणं अनेकजण वयावर ढकलतात. काही वेळा मात्र ओटीपोटातून पायाकडे रक्त नेणारी इलियाक धमनी अरुंद झालेली असते.

जांघेतून बारीक नळी घालून आत फुगा फुगवला की वाट मोकळी होते. मग तिथे धातूच्या जाळीचा स्टेंट प्रत्येकालाच बसवायचा का?

नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २७९ रुग्णांवर हे तपासून पाहिलं. एका गटाला थेट स्टेंट. दुसऱ्या गटात आधी फक्त फुगा, आणि मग अरुंद जागेच्या अलीकडचा व पलीकडचा रक्तदाब मोजायचा. सरासरी फरक पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा जास्त उरला, तरच स्टेंट. ही मोजणीच या अभ्यासातली सर्वात शहाणपणाची गोष्ट. एक्स-रेच्या चित्रात धमनी रुंद दिसली तरी रक्त नीट वाहतंच असं नाही.

निष्कर्ष १९९८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दुसऱ्या गटात जेमतेम ४३ टक्के रुग्णांना स्टेंट लागला. दोन वर्षांनंतरचं यश मात्र दोन्हीकडे जवळपास सारखंच, ७८ आणि ७७ टक्के. म्हणजे निम्म्याहून अधिक जणांचा स्टेंट आणि त्याचा खर्च वाचला.

लांबवर पूर्ण बंद पडलेल्या धमनीला हा हिशेब लागू होत नाही; तिथे बहुधा थेट स्टेंटच घालतात. आणि चालताना पाय दुखणं एवढीच तक्रार असेल, तर तंबाखू-सिगारेट सोडणं, औषधं आणि नेमाने चालण्याचा व्यायाम हे उपचार आधी करून पाहायचे असतात.