भरतीसाठी धावताय? आधी नाडी मोजायला शिका; सरावाने हृदयाचे ठोके कमी का होतात, वाचा सविस्तर

पोलीस भरतीची चाहूल लागली की गावोगावच्या रस्त्यांवर पहाटे पाचलाच पोरं-पोरी धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. पण बरेच जण जाहिरात निघाल्यावरच बूट बाहेर काढतात आणि पहिल्याच दिवशी जीव तोडून पळतात. दुसऱ्या फेरीला छाती भात्यासारखी हलायला लागते. मग "आपल्यात दमच नाही" म्हणून कुणी सरावच सोडून देतं. खरं तर दम सरावाने वाढतो, कारण हृदयही सरावाने तयार होतं. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

एका ठोक्यात किती रक्त?

शांत बसलेल्या निरोगी मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ६० ते १०० ठोके देतं. एका ठोक्यात सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, म्हणजे टपरीवरच्या चहाच्या छोट्या कपाएवढं. ७२ ठोके धरले तर मिनिटाला पाच लिटर झालं. धावताना पायांच्या स्नायूंना जास्त ऑक्सिजन लागतो. तेव्हा धडधाकट तरुणाचं हृदय मिनिटाला २० लिटरच्या आसपास रक्त फिरवू शकतं. म्हणूनच धावताना छाती धडधडते. एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

कळशी आणि हंडा

हौद भरायचा असेल तर कळशीने जास्त खेपा होतात, हंड्याने कमी. हृदयाचंही तसंच आहे. काही आठवडे नियमित धावलं की अंगातलं रक्त थोडं वाढतं. हृदयाचा डावा कप्पा जास्त भरतो आणि जोराने आकुंचन पावतो. एका ठोक्यात जास्त रक्त गेलं की कमी ठोक्यांत काम भागतं.

हिशोब करून बघा. बसल्या जागची नाडी ७२ वरून ६० वर आली, तर मिनिटाला १२ आणि २४ तासांत १७,२८० ठोके वाचतात. लांब पल्ल्याच्या मुरलेल्या धावपटूंची नाडी तर ४० ते ५० पर्यंत असते.

पूर्ण जोर लावल्यावर होणारे सर्वाधिक ठोके मात्र सरावाने फारसे बदलत नाहीत. फरक असा पडतो की पूर्वीच्याच वेगाला आता कमी ठोके लागतात. म्हणून शेवटच्या फेरीसाठी जोर शिल्लक राहतो.

नाडी अशी मोजा

सकाळी उठल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी, अंथरुणातच मोजा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन-तीन बोटं ठेवा. अंगठ्याने मोजू नका, त्याला स्वतःची नाडी असते. मोबाईलवर ३० सेकंद लावा, ठोके मोजा आणि दुप्पट करा. आकडा रोज वहीत लिहा. दीड-दोन महिन्यांत तो हळूहळू खाली आला तर सराव लागू पडतोय. एखाद्या सकाळी तो नेहमीपेक्षा बराच जास्त आला, तर झोप कमी झाली असेल, ताप असेल किंवा आदल्या दिवशी अति झालं असेल. त्या दिवशी आराम करा.

जोर किती लावायचा?

२२० मधून वय वजा करा. २० वर्षांच्या मुलासाठी सर्वाधिक ठोके अंदाजे २०० येतात. सुरुवातीला त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे १०० ते १४० मध्येच राहा. सोपी खूण म्हणजे धावताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. अंतर आणि वेग आठवड्या-आठवड्याने वाढवा. थांबताना एकदम खाली बसू नका. पायांत रक्त साचून चक्कर येते, म्हणून पाच मिनिटं चाला. उन्हात आणि अंगात पाणी कमी असताना त्याच वेगाला ठोके जास्त पडतात, त्यामुळे पहाटेची वेळच बरी.

इथे थांबायचंच

धावताना छातीत दुखलं, दुखणं हात किंवा जबड्याकडे गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा शुद्ध हरपली, तर "होईल बरं" म्हणू नका. धावणं लगेच थांबवा. छातीतलं दुखणं थांबेना किंवा कुणी बेशुद्ध पडलं तर १०८ ला फोन करा. घरात कुणी तरुणपणी अचानक हृदयविकाराने गेलं असेल, तर सराव सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगून ईसीजी काढून घ्या. बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर असेल तरी दाखवा.

घरच्या मोठ्यांनीही वाचा

हा नियम फक्त भरतीवाल्यांसाठी नाही. आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास झपझप चाललं तरी हृदयाला फायदा होतो. मात्र बीपी, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपीच्या काही गोळ्यांनी ठोके मुळातच कमी होतात, त्यामुळे पोराच्या आकड्याशी आपला आकडा ताडून बघू नका.

आणि भरती झाली किंवा हुकली, तरी धावणं सोडू नका. काही आठवडे बंद पडलं की कमावलेला दम उतरायला लागतो. जाहिरातीची वाट न बघता आजपासूनच हळूहळू सुरुवात करा.