आगगाडीच्या इंजिनाचा नमुना : आकार, रंग आणि काळ

खेळण्यातील इंजिन आणि इंजिनाचा नमुना या दोन वस्तू दिसावयास सारख्या असल्या, तरी त्यांचे प्रयोजन एक नाही. खेळणे रुळावर धावले की त्याचे काम झाले. नमुन्याकडून मात्र याहून अधिक अपेक्षा असते. एका विशिष्ट इंजिनाचे एका विशिष्ट काळातील रूप त्याने खरेपणाने दाखवावयाचे असते. सुटे भाग जोडून असा नमुना उभा करणे आणि त्याला रंग देणे हा छंद ब्रिटनमध्ये विशेष रुजला. त्याला लागणारे हस्तकौशल्य मोठे आहेच. परंतु त्याच्या प्रत्येक पायरीवर ‘हे खरे आहे काय?’ असा जो प्रश्न स्वतःला विचारावा लागतो, त्यात या छंदाचे शैक्षणिक मूल्य साठविलेले आहे. ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या विख्यात इंजिनाच्या उदाहरणाने ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

मापांचे गणित

नायजेल ग्रेस्ली यांनी आखलेले हे इंजिन डॉनकास्टर येथील कारखान्यातून १९२३ साली बाहेर पडले. त्याची चालक चाके ६ फूट ८ इंच, म्हणजे २,०३२ मिलिमीटर व्यासाची आहेत. ब्रिटनमध्ये सर्वांत प्रचलित असलेल्या प्रमाणात खऱ्या वस्तूचा एक फूट नमुन्यात ४ मिलिमीटर होतो. म्हणजे प्रत्येक लांबी ७६.२ पटींनी लहान होते. त्यामुळे चालक चाकाचा व्यास सुमारे २६.७ मिलिमीटर भरतो. परंतु लांबी ७६.२ पटींनी घटली, तर पृष्ठभाग त्या संख्येच्या वर्गाने, म्हणजे सुमारे ५,८०० पटींनी, आणि घनफळ तिच्या घनाने, म्हणजे सुमारे ४,४२,००० पटींनी घटते. १०० टन वजनाचे इंजिन या हिशेबाने अवघे २२६ ग्रॅम भरेल. इतक्या हलक्या इंजिनाच्या चाकांची रुळावर पकड कमी पडते. म्हणून प्लॅस्टिकच्या नमुन्यांच्या पोटात पुष्कळदा शिशाचे तुकडे बसवावे लागतात.

वेगाचे गणित याहून मनोरंजक आहे. ३० नोव्हेंबर १९३४ रोजी या इंजिनाने ताशी १०० मैलांचा वेग गाठला. नमुन्याने हाच वेग प्रमाणात दाखवावयाचा, तर तो सेकंदाला सुमारे ५९ सेंटिमीटर धावला पाहिजे. त्या वेळी त्याची चाके मिनिटाला सुमारे ४२० फेरे घेतील, आणि खऱ्या इंजिनाच्या चाकांनीही त्या दिवशी इतकेच फेरे घेतले होते. कारण चाकाचा परीघ आणि वेग ही दोन्ही एकाच प्रमाणात घटली आहेत. नमुन्यातील विजेची लहानशी मोटर याहून कितीतरी जलद फिरते. म्हणून मळसूत्री दंतचक्र घालून तिची गती तीस-चाळीस पटींनी कमी करतात.

एका गोष्टीत मात्र हे प्रमाण पाळले गेले नाही. ब्रिटनमधील रुळांमधील अंतर १,४३५ मिलिमीटर आहे. प्रमाणानुसार नमुन्याचे रूळ १८.८३ मिलिमीटर अंतरावर हवेत. प्रचलित अंतर आहे १६.५ मिलिमीटर. हे रूळ मूळचे ८७ पट लहान प्रमाणासाठी होते. युरोप खंडातील इंजिनांपेक्षा ब्रिटिश इंजिने अंगाने लहान असल्यामुळे त्या काळच्या मोटरी त्यांच्या नमुन्यांत मावेनात; म्हणून इंजिनाचा देह मोठ्या प्रमाणात केला आणि रूळ तसेच राहू दिले. भारतीय रुंद मार्गाच्या इंजिनाचा नमुना करणाऱ्यालाही हीच अडचण येते. १,६७६ मिलिमीटरच्या मार्गासाठी ८७ पट लहान प्रमाणात १९.३ मिलिमीटर अंतर हवे. तयार मिळणारे रूळ मात्र १६.५ मिलिमीटरचेच असतात. तडजोड करणे हा दोष नव्हे. तडजोड केली आहे याची जाणीव नसणे हा दोष होय.

जुळणी

१९५० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ओतीव भागांचे संच मिळू लागले. कथील, शिसे आणि अँटिमनी यांच्या पांढरट मिश्रधातूपासून त्यांतील भाग ओतलेले असत. पुढे पितळेच्या वा निकेल-सिल्व्हरच्या पातळ पत्र्यावर रसायनाने कोरून काढलेल्या भागांचे संच आले. निकेल-सिल्व्हर या नावात चांदी असली, तरी ही तांबे, निकेल आणि जस्त यांची मिश्रधातू आहे.

धातूचे भाग डाखाने, म्हणजे सोल्डरने, जोडतात. पितळेच्या जोडणीला लागणाऱ्या उष्णतेने पांढऱ्या धातूचे ओतीव भाग वितळून जातात. त्यांच्यासाठी सुमारे ७० अंश सेल्सिअसला वितळणारा बिस्मथयुक्त डाख वापरावा लागतो. हा डाख पितळेला सहजी धरत नाही. म्हणून पितळेवर आधी नेहमीच्या डाखाचा पातळ थर चढवितात. या कामात शिसे आणि पुष्कळदा कॅडमियम असल्याने खोलीत वारा खेळता हवा, आणि काम संपताच हात स्वच्छ धुतले पाहिजेत.

जुळणीतील सर्वांत नाजूक काम चाकांचे. दोन सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही बाजूंच्या क्रँका एकमेकींशी काटकोनात असतात. त्यामुळे एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून निष्प्रभ झाला, तरी दुसऱ्या बाजूचा चाक फिरवू शकतो. फ्लाइंग स्कॉट्समनला तीन सिलिंडर असल्याने त्याच्या क्रँकांमध्ये सुमारे १२० अंशांचा कोन आहे. नमुन्यात मोटर सहसा एकच आस फिरविते आणि जोडदांडे ती गती इतर चाकांना देतात. म्हणून कोन कोणताही घेतला, तरी सर्व आसांवर तो तंतोतंत एकच असला पाहिजे. नाहीतर दांडे अडकून इंजिन लंगडू लागते.

रंग

रंग देताना पहिला शत्रू म्हणजे रंगाची जाडी. ०.०५ मिलिमीटर जाडीचा थर खऱ्या इंजिनाच्या मापात ३.८ मिलिमीटर होतो. २० मिलिमीटरचे रिव्हेटचे डोके नमुन्यात अवघे पाव मिलिमीटर उरते. दोन-चार जाड थरांखाली ते बुजून जाते. म्हणून जुन्या नमुन्याला नवा रंग देण्यापूर्वी आधीचा रंग काढून टाकावा लागतो. रंग काढणारे द्रव प्रथम न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. अ‍ॅसिटोनसारख्या द्रवाने प्लॅस्टिकचा नमुनाच विरघळेल. नंतर भाग धुऊन, तेलकटपणा काढून, अस्तराचा रंग, मुख्य रंगाचे पातळ थर, बारीक रेघा, अक्षरे आणि शेवटी वॉर्निश असा क्रम ठेवतात.

परंतु खरा प्रश्न याच्याही आधीचा आहे. कोणता रंग द्यावयाचा? इंजिनाचा क्रमांक प्रथम १४७२ होता. १९२४ साली त्याला नाव आणि ४४७२ हा क्रमांक मिळाला. तेव्हा ते पोपटी हिरव्या रंगाचे होते. १९४३ साली, युद्धकाळात, ते काळे झाले. १९४७ साली त्याला अधिक दाबाचा बाष्पक बसवून ते पुन्हा हिरवे केले. राष्ट्रीयीकरणानंतर त्याचा क्रमांक ६०१०३ झाला; १९४९ च्या अखेरीस ते निळे, तर १९५२ साली गडद हिरवे झाले. १९५९ साली त्याला दुहेरी धुराडे आणि १९६१ साली धूर वर वळविणारे पत्रे बसविले. १९६३ साली ते नियमित सेवेतून निवृत्त झाले.

आता एखाद्याने धूर वळविणारे पत्रे असलेला नमुना घेऊन त्याला पोपटी हिरवा रंग दिला आणि त्यावर ४४७२ हा क्रमांक घातला, तर तो कितीही सफाईदार असला, तरी १९२३ ते १९६३ या सेवाकाळात कोणीही न पाहिलेले इंजिन त्याने घडविले असे होईल. रंग एक तारीख सांगतो आणि आकार दुसरी. म्हणून जाणता कारागीर कुंचला उचलण्यापूर्वी एक वर्ष निश्चित करतो आणि छायाचित्रे पडताळतो. तेथेही सावध राहावे लागते. कृष्णधवल छायाचित्रांच्या काही जुन्या फिल्मा तांबड्या रंगाला संवेदनशील नव्हत्या. त्यांत तांबडा रंग काळपट आणि निळा फिकट उमटे. साधन काय पाहू शकते आणि काय नाही, हे जाणल्यावाचून पुरावा वाचता येत नाही.

खुद्द मूळ इंजिनालाही हा प्रश्न चुकला नाही. जतन झाल्यानंतरच्या काही काळात ते उत्तरकालीन दुहेरी धुराडे आणि पूर्वकालीन पोपटी हिरवा रंग अशा संमिश्र रूपात धावत होते. यॉर्क येथील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाने ते २००४ साली विकत घेतले. प्रदीर्घ दुरुस्तीनंतर २०१६ साली ते रुळावर परतले, तेव्हा त्याच्यावर गडद हिरवा रंग आणि ६०१०३ हा क्रमांक होता. दुहेरी धुराडे आणि धूर वळविणारे पत्रे यांच्याशी जुळणारे रूप तेच होय. संग्रहालयापुढील प्रश्न आणि घरी टेबलापाशी बसलेल्या विद्यार्थ्यापुढील प्रश्न मूलतः एकच आहे. विद्यार्थ्याने आपल्या नमुन्याखाली एक चिठ्ठी लावून तीवर इंजिनाचे वर्ष आणि केलेल्या तडजोडी लिहून ठेवाव्यात. एवढे केले, म्हणजे हातातील वस्तू खेळणे न राहता इतिहासाचे एक प्रामाणिक विधान होते.