रणभूमीपलीकडील लढा : शांततेसाठी स्त्रिया

गोदावरीच्या खोऱ्यातील पाथरी आज ओळखली जाते ती साईबाबांचे जन्मस्थान असल्याच्या श्रद्धेमुळे. मात्र सोळाव्या शतकात परभणी जिल्ह्यातील हेच गाव दोन राजवटींतील वैराचे कारण ठरले होते. अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचे पूर्वज पाथरीचे आणि पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीच्या ताब्यात. १५१८ मध्ये बुऱ्हाण निजामशहाने ती जिंकून घेतली आणि पुढेही तिच्यासाठी तलवारी उपसल्या गेल्या. तवारिखांत सुलतानांची नावे आहेत. गावातील स्त्रियांनी काय सोसले, याची नोंद नाही. चार शतकांनंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामात रझाकारांविरुद्ध शस्त्र हाती घेणाऱ्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या वीरांगनांची नावे इतिहासात आली; पण त्या धामधुमीत घर, मुले आणि शेजार सांभाळणाऱ्या असंख्य स्त्रिया अनामच राहिल्या.

सशस्त्र संघर्षाच्या काळात स्त्रियांनी केलेले शांतताकार्य म्हणजे केवळ युद्धविरोधी घोषणा नव्हेत. संवादाचा मार्ग खुला ठेवणे, होरपळलेल्यांना आधार देणे आणि सत्ताधाऱ्यांना वाटाघाटींच्या मेजावर आणणे, अशी त्याची तीन अंगे आहेत.

हेगपासून लायबेरियापर्यंत

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१५ मध्ये, हेग येथे परस्परांशी लढणाऱ्या देशांतील स्त्रियाही एकत्र जमल्या. जेन अॅडम्स यांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी मध्यस्थीची मागणी केली. युद्ध थांबले नाही. मात्र स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय शांतता चळवळीचा पाया घातला गेला. २००३ मध्ये लायबेरियात लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया पांढरी वस्त्रे परिधान करून राजधानीत धरणे धरून बसल्या. घानातील वाटाघाटी रेंगाळताच त्यांनी सभागृहाची दारेच अडवली. त्याच वर्षी करार झाला. बोवी यांना २०११ च्या शांततेच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. दरम्यान, ३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव संमत करून शांतता प्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग असावा, असे प्रथमच स्पष्टपणे बजावले.

नागपूरच्या निर्मलाताई

महाराष्ट्राच्या दृष्टीने या परंपरेतील ठळक नाव निर्मला देशपांडे यांचे. १९२९ मध्ये नागपुरात जन्मलेल्या निर्मलाताई साहित्यिक पु. य. देशपांडे यांच्या कन्या. विनोबा भावे यांच्या भूदान पदयात्रेत त्यांनी देशभर हजारो किलोमीटरची पायपीट केली. भूमिहीनांसाठी दारोदार जाण्याची ही सवयच पुढे त्यांच्या शांतताकार्याची रीत बनली. हिंसाचाराने ग्रासलेल्या काश्मीरमध्ये त्या १९९४ मध्ये शांतता मोहीम घेऊन गेल्या.

१९९९ च्या कारगिल युद्धानंतर दोन्ही देशांतील संबंध पराकोटीचे ताणले गेले होते. अशा वेळी, मार्च २००० मध्ये, निर्मलाताईंच्या पुढाकाराने भारतीय स्त्रियांचे पथक बसने दिल्लीहून लाहोरला गेले. त्यानंतर अस्मा जहांगीर यांच्या नेतृत्वाखाली पाकिस्तानी स्त्रिया दिल्लीत आल्या. सरकारे बोलत नसताना नागरिकांनी बोलत राहावे, हा या प्रवासामागील विचार होता. निर्मलाताईंना २००६ मध्ये पद्मविभूषण देऊन गौरवण्यात आले. राज्यसभेच्या राष्ट्रपतिनियुक्त सदस्य असतानाच १ मे २००८ रोजी त्यांचे निधन झाले. पाकिस्ताननेही त्यांना ‘सितारा-ए-इम्तियाज’ हा सन्मान मरणोत्तर दिला.

अशा प्रयत्नांवर भाबडेपणाचा आक्षेप घेतला जातो आणि तो सर्वस्वी अनाठायी म्हणता येत नाही. संसदेवरील हल्ल्यानंतर दिल्ली-लाहोर बससेवा थांबली, २००३ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली. शस्त्रांमागील राजकारण सद्भावनेने विरत नाही. तथापि सेवा खंडित झाली तरी ओळखी उरतात आणि संवादाची वेळ येते तेव्हा त्याच कामी येतात.

गावपातळीवरील अर्थ

हेच सूत्र गावालाही लागू पडते. मुंबईतील १९९२-९३ च्या दंगलींनंतर उभ्या राहिलेल्या मोहल्ला समित्यांत सुशोभा बर्वे यांनी पोलीस व दोन्ही समाजांतील रहिवाशांना एकत्र बसवण्याचे काम केले; पुढे त्यांनी काश्मीरमध्येही संवादाचे कार्य केले. हिंदू-मुस्लिम वस्ती शेजारीशेजारी असलेल्या पाथरीसारख्या गावांत सणासुदीपूर्वी पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात. तणाव निर्माण झाला की त्याची झळ प्रथम उंबरठ्याच्या आत पोहोचते. बाजार बंद, मजुरी बुडालेली, मुले घरात कोंडलेली. ज्यांना ही झळ आधी बसते, त्यांचा शब्दही बैठकीत आधी ऐकला जावा, एवढाच त्या जागतिक ठरावाचा गावच्या भाषेतील अर्थ आहे. समितीच्या सदस्यांच्या यादीत स्त्रियांची नावे केवळ संख्येपुरती न राहता निर्णयाच्या वेळीही दिसली, तर गावच्या शांततेचा पाया अधिक पक्का होईल.