उन्हाळा, पाणी आणि आपल्या समजुती

एप्रिल-मेमध्ये ऊन तापलं की कोल्हापुरात घरोघरी पाण्याचा वापर वाढतो. काटकसर करायची इच्छा बहुतेकांना असते. तरीही काही पक्क्या बसलेल्या समजुतींपायी बरंच पाणी गटारात जातं.

गैरसमज १ : पंचगंगा आहे, राधानगरी धरण आहे, कोल्हापूरला कसली टंचाई?

वस्तुस्थिती : नदीला पाणी असलं म्हणून नळाला येतंच असं नाही. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शहराला पाण्याचा वेढा होता, पण उपसा केंद्रं बुडाल्यामुळे नळ कोरडे पडले आणि टँकरसाठी रांगा लागल्या. २०२३ पासून येणारं काळम्मावाडी धरणाचं पाणीही सुमारे ५३ किलोमीटरच्या थेट पाईपलाईनमधून आणावं लागतं आणि पुईखडीला शुद्ध करावं लागतं. वीज गेली किंवा पाईप फुटला की पुरवठा थांबतो.

गैरसमज २ : कालचं पाणी शिळं, नळ आला की ओतून द्यावं.

वस्तुस्थिती : झाकून ठेवलेलं नळाचं पाणी एका रात्रीत खराब होत नाही. उघडं भांडं आणि आत बुडवलेला हात यांमुळे ते बिघडतं. म्हणून तोटीचं पिंप किंवा लांब दांड्याचं ओगराळं वापरा. डेंग्यूचा डास मात्र साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो आणि त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून आतून घासायलाच हवं. हा ‘कोरडा दिवस’ येईपर्यंत पाणी वापरून संपवत आणा. तळाशी उरेल त्यानं फरशी पुसा किंवा ते संडासात वापरा.

गैरसमज ३ : आरओशिवाय पाणी शुद्ध होत नाही.

वस्तुस्थिती : आरओ मुख्यतः क्षार काढण्यासाठी असतो. एक लिटर शुद्ध पाण्यामागे अनेक यंत्रं दोन-तीन लिटर पाणी बाहेर सोडतात. पाण्यातले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तर एरवी आरओची गरज नसते. उकळणं किंवा यूव्ही पुरतं. आधी पाणी तपासून घ्या. आरओ असेलच, तर त्याच्या नळीखाली बादली ठेवा; ते पाणी फरशीला चालतं.

गैरसमज ४ : गळती असली तर दिसतेच.

वस्तुस्थिती : संडासाच्या टाकीची गळती आवाज न करता चालू राहते. टाकीत खाण्याचा रंग टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर बदलायला झालाय. घरातले सगळे नळ बंद असताना मीटर फिरत असेल, तर पाईप कुठंतरी गळतोय.

गैरसमज ५ : टंचाईत पाणी कमी प्यावं.

वस्तुस्थिती : ही काटकसर जिवावर बेतू शकते. उन्हाच्या लाटेत तहान नसली तरी थोडं थोडं पाणी पीत राहावं. म्हातारी माणसं, लहान मुलं आणि उन्हात राबणाऱ्यांकडे जास्त लक्ष द्यावं. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं जातं. त्यात पिण्याचं जेमतेम तीन-चार लिटर. बचतीला वाव आहे तो बाकीच्या पाण्यात. दहा मिनिटांच्या शॉवरला साधारण १०० लिटर जातात. बादलीनं अंघोळ केली तर वीस लिटर पुरतात. कपडे खळबळलेलं पाणी संडासाला वापरा आणि झाडांना पाणी घालायचं ते दुपारी नको, सकाळी लवकर घाला.