ताळेबंद जुळला, पण बाळ जगलं का?

मंडळी, संस्था चांगलं काम करते हे कळायचं कसं, एवढाच प्रश्न आज आपण घेणार आहोत. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाचे लेखापरीक्षण झालेले हिशेब दरवर्षी धर्मादाय आयुक्तांकडे जातात, आणि ते जायलाच हवेत. पण त्यातून रुपया कुठे गेला एवढंच कळतं. त्या रुपयानं काय झालं, ते नाही कळत.

कुठलाही वार्षिक अहवाल उघडून बघा. इतकी शिबिरं घेतली, इतके लाभार्थी, इतक्या वह्या वाटल्या. वह्या वाटणं हे केलेलं काम झालं. मुलाला वाचता यायला लागलं का, हा परिणाम. तो मोजायला पैसा लागतो, माणसं लागतात आणि थोडं धैर्यही लागतं.

गडचिरोली घेऊ. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ ते १९९८ या काळात नवजात बाळांच्या घरपोच सेवेचा प्रयोग केला. गावातल्याच बायांना शिकवलं. त्या आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचं वजन घ्यायच्या, त्याला ऊब द्यायला सांगायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून इंजेक्शनही द्यायच्या. ही सेवा ३९ गावांत होती. पण शेजारच्या ४७ गावांतही, जिथे सेवा नव्हती, जन्म-मृत्यू तितक्याच काटेकोरपणे मोजले गेले. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांत हजार जन्मांमागे साधारण २५ नवजात दगावले, तुलनेच्या गावांत साधारण ६०. आधीच्या पातळ्या लक्षात घेतल्या, तर ६२ टक्क्यांची निव्वळ घट. १९९९ साली हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं आशा सेविकांमार्फत अशी सेवा देशभर आणली.

आम्हाला इथे महत्त्वाची वाटतात ती ४७ गावं. ती नसती तर कुणीही म्हणालं असतं, रस्ते झाले, पाऊसपाणी बरं झालं, म्हणून बाळं वाचली. आणि त्याला उत्तर देता आलं नसतं.

आता यातली अडचण बघा. नीट मोजलं की आकडा आधी वाढतो! 'कोवळी पानगळ' हा २००१ चा अहवाल आठवा. सर्च आणि इतर संस्थांनी महाराष्ट्रात ठिकठिकाणी बालमृत्यू मोजले, तर ते सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त निघाले. मृत्यू त्या वर्षी वाढले नव्हते, ते फक्त वहीत आले. म्हणजे दोन संस्थांचे अहवाल शेजारी ठेवले, तर निष्काळजी संस्थाच चांगली दिसायची. आकड्यांची स्पर्धा लावणाऱ्या देणगीदारांनी हे ध्यानात घ्यायला हवं.

त्यात पुन्हा तो नेहमीचा प्रश्न: वरखर्च किती टक्के? परदेशी देणगीच्या कायद्यात प्रशासकीय खर्चाची मर्यादा २०२० साली ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. उधळपट्टी नको, कबूल. पण नोंदी पुन्हा तपासायला गावोगाव फिरणाऱ्या माणसाचा पगारही देणगीदार बरेचदा वरखर्चातच धरतात. मग संस्था काय करते? तो माणूस कमी करते. टक्का सुंदर दिसतो आणि खरं काय झालं ते सांगायला कोणी उरत नाही.

विश्वासाची दुसरी बाजू देणगीदाराची नाही, ज्यांच्यासाठी काम आहे त्यांची. सर्चच्या लोकांनी आदिवासींना विचारलं, दवाखान्यात का येत नाही? मोठ्या इमारतींची, पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांची भीती वाटते, असं उत्तर आलं. म्हणून शोधग्राममधला दवाखाना खेड्यासारखा, झोपड्यांचा बांधला. नातेवाइकांना सोबत राहता येईल असा. नाव दिलं दंतेश्वरी देवीचं. हा बदल कुठल्या लेखापरीक्षकानं सुचवला नसता.

तुमची संस्था छोटी असेल तर ४७ गावं कुठून आणायची, हे खरंच. पण चाळीस मुलांची अभ्यासिका असेल, तर जूनमध्ये प्रत्येकाकडून एक साधा उतारा वाचून घ्या, मार्चमध्ये त्याच तोडीचा दुसरा घ्या. वाचून घेणारा शिकवणारा नसावा, शेजारच्या शाळेतल्या बाईंना बोलवा. मधेच सोडून गेलेली मुलं यादीतून खोडू नका. आणि निकाल देणगीदाराला पाठवायच्या आधी पालकांच्या बैठकीत वाचून दाखवा, अकरा मुलांना अजून वाचता येत नाही हेही.